तेल जातं कुठे

१७ नोव्हेंबर, रविवार

आज सहासष्टाव्या वर्षी मी इंजिनचं तेल पाहायला शिकले.

आमची लाल गाडी खाली गॅरेजमध्ये उभी आहे. दोनच माणसांची, टप उघडणारी, वयाने माझ्या जवळपासची. बँकेतून निवृत्त झाल्यावर चारुदत्तने ती इथल्याच, कलकत्त्यातल्या बालीगंजच्या एका चहामळेवाल्या साहेबाच्या घरच्यांकडून घेतली, तेव्हा क्षितिज म्हणाला होता, "आई, बाबांना म्हातारचळ लागलाय." (डायरीत मी नवऱ्याचं नाव लिहिते. तोंडाने अजून 'अहो'च.)

दुर्गापूजेच्या आधी एके सकाळी नाश्ता करताना त्यांना फिट आली. आधी नुसते एकटक बघत राहिले, मग हात-पाय ताठ. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी बंद केली. वर्षभर काही झालं नाही तर मग बघू, म्हणाले. त्या दिवशी घरी आल्यावर मी काही बोलायच्या आधीच चारुदत्तने माझ्या गळ्याला दोन बोटं लावली. "तुझ्या गळ्याशपथ प्रेमा, स्टिअरिंगला हात लावणार नाही." शाळकरी पोरांसारखं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शपथ घेऊ द्यायच्या नाहीत, म्हणून आम्ही मुली त्या घरी येऊन घ्यायचो. मला हसू आलं आणि रडूही.

आता गाडीचं बघायला मी. ते म्हणतात, "मी हात लावला तर मोह होईल. तूच कर, मी लांबून सांगतो." दर रविवारी गाडी थोडा वेळ चालू ठेवायची. मग बंद करून तेल खाली बसेपर्यंत थांबायचं. बाजूची पट्टी ओढून काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग काढून बघायची. पट्टीवर दोन रेघा आहेत. तेल त्यांच्या मध्ये हवं. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण तिला इकडचं तिकडचं तेल लागलेलं असतं.

"काय मदर सुपीरियर, पेशंट कसा आहे?" खुर्चीवरून विचारलं.

वरच्या रेघेला टेकलं होतं. मी पट्टी उंच धरून दाखवली, तर टाळ्या वाजवल्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

तेल खाली गेलंय. मला वाटलं मी नीट पुसलं नसेल, म्हणून परत पाहिलं. दोन रेघांच्या मध्यावर.

"जुनं इंजिन आहे. तेल पिणारच. तू नाही का दुपारी दुसरा चहा पीत?"

मग घालायला शिकले. इथे सगळे त्याला मोबिलच म्हणतात, कुठल्याही कंपनीचं असो. नरसाळं लावून थोडं घालायचं, थांबायचं, बघायचं, पुन्हा थोडं. जास्त झालेलंही वाईट. मधासारखं दिसतं ओतताना. साडीच्या निऱ्यांवर एक थेंब पडला, त्याचंही काही वाटलं नाही. कुणीतरी आपल्यावर एखादं नाजूक काम सोपवावं, असं फार दिवसांत झालं नव्हतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मराठी मंडळाच्या वाचनालयात गुरुवारची दुपार माझी आणि यामिनीची असते. पुस्तकं न्यायला येणारे आता थोडेच, बँकेत आणि रेल्वेत बदलून आलेले काही जण आणि आमच्यासारखे इथेच राहून गेलेले. फिट आल्यापासून यांना एकटं सोडून जायला नको वाटतं. पण हेच मला घराबाहेर काढतात. "जा गं, यामिनी वाट बघत असेल. मुग्धाला मी आणतो शाळेतून. टॅक्सीने."

गुरुवारी सूनबाईची, नूपुरची, ऑफिसात उशिरापर्यंत मीटिंग असते, म्हणून नात आमच्याकडे. नऊ वर्षांची आहे. मराठी बोलते, पण त्यात बंगाली आणि हिंदी कुठूनही घुसतं.

मी घरी आले तेव्हा दोघं पोहे खात होती. मुग्धाच्या वेण्या पार विस्कटलेल्या, गाल लालबुंद. शाळेत खूप खेळली म्हणे. वेणी घालताना विचारते, "आजी, मराठा डिच काय असते?"

मला केवढा आनंद झाला! म्हटलं, बघा, बंगाल्यांच्या शाळेतसुद्धा शिकवतात. तिला सांगितलं, नागपूरकर भोसल्यांचे स्वार येतील या भीतीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणला. तो तिकडे बागबाजारला सुरू होत होता.

"हां, बागबाजार," ती म्हणाली. "तिथे नाव होती. खूप नावा."

"पुस्तकात चित्र असेल," चारुदत्त म्हणाले, आणि तिला आणखी पोहे वाढले.

आज ते इतके खुशीत होते की जेवताना त्यांनी मला त्यांचा पापड दिला. गोळ्या लागू पडतायत.

८ डिसेंबर, रविवार

पुन्हा कमी. गेल्या वेळेपेक्षाही जास्त. मी शहाणपणा केला होता. गेल्या रविवारी गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली होती. आज वाकून ओढून काढली. एक डाग नाही. एक कागद मात्र चुरगळून भिंतीशी जाऊन बसला होता, उंदरांनी केलं असावं.

"अहो, गळत नाही. मग तेल जातं कुठे?"

"धुरातून. आत जळतं आणि जातं."

"पण आपण आठवड्यातून एकदा जेमतेम दहा मिनिटं चालू ठेवतो."

"तुझ्या नन्सनी तुला इतक्या शंका विचारायला कधी शिकवलं?"

हसले मी. खरंच शिकवलं नव्हतं. आम्हाला विश्वास ठेवायला शिकवलं. सिस्टर फ्लोरा नकाशावर बोट ठेवून म्हणायच्या, इथे समुद्र आहे, आणि आम्हाला खारा वास यायचा.

डबा संपला. दुसरा आणायला सांगितलाय.

२५ डिसेंबर, बुधवार

सकाळी केक आणला. नाताळ आला की मी गार्डन रीचला जाऊन येते, मनातल्या मनात. माझे बाबा तिथे रेल्वेच्या मुख्य कचेरीत होते. क्वार्टरच्या गच्चीवरून नदीतल्या बोटींचे भोंगे ऐकू यायचे. शाळेत आम्ही हिंदू मुलीसुद्धा कॅरोल गायचो आणि घरी येऊन आईबरोबर शुभंकरोती म्हणायचो. दोन्हीत काही भांडण आहे, असं कधी वाटलं नाही.

गाडी घेतली त्या वर्षीची थंडीही आठवली. रविवारी पहाटे बराकपूरपर्यंत जायचो. टप उघडा. मी डोक्याला निळा स्कार्फ बांधायची. नदीकाठी उभं राहून मातीच्या भांड्यातला चहा. एकदा चारुदत्त म्हणाले होते, "त्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं मला बघवणार नाही." साठी उलटलेला माणूस असं बोलतो, आणि साठी उलटलेली बाई लाजते.

यांना म्हटलं, वर्ष सरू दे, डॉक्टर हो म्हणाले की परत जाऊ. तर मान खाली घालून बशीतला केक चिवडत बसले. मी हात हातात घेतला. बिचाऱ्यांना गाडीशिवाय किती जड जातंय.

स्कार्फ शोधला, सापडला नाही.

५ जानेवारी, रविवार

तेल खालच्या रेघेला. आज मी विचारलं नाही, फक्त घातलं. म्हटलं, मीच चुकत असेन काहीतरी. कदाचित पुरेसा वेळ थांबत नसेन.

९ जानेवारी, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवते.

वाचनालयात गेले तर दिवे गेलेले. यामिनीला सर्दी, तिला म्हटलं तू घरी जा, आणि मीही परतले. फाटकातून आत आले तर गॅरेजचं शटर वर आणि आत काही नाही. नुसती जमीन आणि माझी वर्तमानपत्रं नीट घडी करून कोपऱ्यात ठेवलेली.

पहिल्यांदा वाटलं, चोरी. मी ओरडलेच. दरवान धावत आला आणि हसून म्हणाला, "माँजी, साहब गये हैं ना, खोकी को लेकर। बृहस्पतिवार है।"

खोकी म्हणजे आमची मुग्धा. आणि गुरुवार आहे. जणू गुरुवारी हे व्हायचंच, सूर्य उगवतो तसं.

मी तिथेच उभी राहिले. वर जायचं सुचलं नाही. सगळं एकापाठोपाठ जागेवर येऊन बसत होतं. पोहे, वेण्या, बागबाजारच्या नावा, आणि तेल. गाडी चालल्याशिवाय तेल जळत नाही, हे मला इतके आठवडे माहीत होतं. मी स्वतः बोलून दाखवलं होतं.

मग आवाज आला. त्या इंजिनचा आवाज मी झोपेतही ओळखेन. गाडी आत वळली. टप उघडा. चारुदत्त ताठ बसलेले, दहा वर्षांनी तरुण दिसत होते. माझ्या सीटवर मुग्धा. डोक्याला माझा निळा स्कार्फ.

मला बघून त्यांचा चेहरा उतरला. पण बोलली आधी मुग्धाच. दार उघडून पळत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आजी, तू मरणार नाही! मी सुटली बोलली आहे! प्रत्येक वेळी बोलते!"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. आम्ही लहानपणी करायचो ते. कुणाच्या गळ्याची शपथ घेतली आणि ती मोडायची वेळ आली, की घाबरून दुसऱ्या कुणाकडून तरी 'सुटली' म्हणवून घ्यायचं. म्हणजे शपथ लागत नाही, आणि ज्याच्या गळ्याची घेतली तो जगतो.

"कोणी सांगितलं तुला?"

"आजोबांनी. गाडी स्टार्ट करायच्या आधी मी बोलायचं, आजीची शपथ सुटली. मग जायचं."

मी चारुदत्तकडे पाहिलं. ते चावी खिशात ठेवत होते.

"तुला काही होऊ नये म्हणूनच ना," ते म्हणाले. "नाहीतर कशाला म्हणवून घेतलं असतं?"

म्हणजे माझ्या जिवाची काळजी होती! त्यांनी हे खरंच मनापासून म्हटलं. त्या क्षणी मला त्यांचा राग येण्याआधी कीव आली, आणि कीव आली म्हणून राग आला.

"मग मला तेल बघायला का लावलंत?"

"तू घातलंस म्हणजे मला तेलाला हात लावायला लागला नसता. आणि तुला आवडत होतं."

वर आल्यावर मुग्धाच्या वेण्या सोडल्या. कंगवा फिरवता फिरवता विचारलं, रागावलेय असं वाटू न देता, की आजोबा गाडी कशी चालवतात.

"खूप छान! पण एकदा ना, सिग्नलला ग्रीन झालं तरी ते बघतच राहिले. असे." तिने डोळे रोखून समोर पाहिलं. तसंच, जसे ते नाश्त्याच्या टेबलावर पाहत राहिले होते. "मागून सगळे पोंपों करत होते. एक काकू ओरडली. मग मी त्यांना जोरात हलवलं. मग ते बोलले, झोप आली होती. आजी, हे पण सिक्रेट आहे. मी तुला सांगितलं, आता तू सुटली बोल."

माझ्या हातातला कंगवा खाली पडला.

"सुटली," मी म्हटलं. लेकराला आणखी काय म्हणणार?

नूपुर तिला न्यायला आली. चारुदत्तने माझ्याकडे असं पाहिलं, की नको. मी तिला आतल्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. सिग्नलचंही. तिने मुग्धाचं दप्तर उचललं, मुलीचा हात घट्ट धरला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेली. मुग्धाने खालून हाक मारली, "आजी, नेक्स्ट गुरुवारी नारळाची वडी कर!"

१० जानेवारी, शुक्रवार

क्षितिजचा फोन. आधी बापावर चिडला, मग माझ्यावर.

"आई, दर आठवड्याला तेल तूच घालत होतीस ना? तुला एवढंही कळलं नाही?"

"नाही कळलं."

"कसं कळलं नाही?"

कसं सांगू त्याला? कळायला आधी संशय यावा लागतो. चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसावर संशय घेण्याची सवयच नव्हती.

मुग्धा आता गुरुवारी येणार नाही. बरोबरच आहे. नूपुरच्या जागी मी असते तर मीही पाठवली नसती.

यांच्याकडून चावी मागितली. लगेच दिली. मग विचारलं, दुसरी? तीही दिली. आणखी? "नाही." मी तोंडाकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या तोंडावरचं वाचता येईना.

११ जानेवारी, शनिवार

दिवसभर बोललो नाही. संध्याकाळी ते येऊन जवळ बसले. तळहात माझ्या गळ्याकडे आला.

"परत घेतो. या वेळी खरी."

मी त्यांचा हात बाजूला केला. हळूच. पण केला.

"अगं, गाडीत बसलं की मी आजारी नसतो, प्रेमा. बाकी सगळीकडे असतो. डब्यातल्या गोळ्या मोजतो, तू मध्येच उठून श्वास बघतेस, लिफ्टमध्ये लोक विचारतात. तिच्यात बसलं की मी नुसता चारुदत्त असतो."

हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं असतं तर! मी डॉक्टरांशी भांडले असते. एखादा ड्रायव्हर ठेवून दोघं फिरलो असतो. त्यांनी हे नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलं, आणि मला सांगितलं की इंजिन तेल पितं.

"गाडी विकू," मी म्हटलं.

"मी सही करणार नाही."

१२ जानेवारी, रविवार

रविवार होता. सवयीने मी खाली गेले. पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. दोन रेघांच्या मध्ये. गाडी जायला तयार. मीच तयार ठेवलेली.

वर येऊन बिमानबाबूंना फोन केला. आमचे मेस्त्री, गाडी घेतल्यापासूनचे. दुपारी आले. म्हटलं, सगळं मोबिल काढा.

"नया डालेगा?"

"नहीं।"

त्यांनी इंजिन थोडा वेळ चालू ठेवून तापवलं. गाडी जॅकवर चढवली, खालचा तेलाच्या चेंबरचा बोल्ट सोडला. काळं, पातळ तेल घमेल्यात पडत राहिलं, किती तरी वेळ. मी ओतलेलं मधाच्या रंगाचं सगळं त्यात होतं.

चारुदत्त शटरपाशी येऊन उभे राहिले. लुंगीवर, पायात चप्पलही नाही.

"काय करतेस हे?"

बिमानबाबू बोल्ट परत लावायला निघाले, तर मी हात पुढे केला. त्यांनी तो पुसून माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता.

"दीदी, बिना मोबिल किसीने स्टार्ट किया तो इंजिन खतम। पूरा जाम।"

"साहब को मालूम है।"

"असं उघडं नको ठेवू," चारुदत्त म्हणाले. "आत धूळ जाईल. निदान फडकं तरी लाव."

बिमानबाबूंनी फडक्याचा बोळा लावला. मग चारुदत्त वाकले आणि तो नीट बसलाय ना, बोटाने चाचपून पाहिला. असं चाचपताना मी त्यांना फक्त एकदा पाहिलं होतं, क्षितिज जन्मला तेव्हा, त्याची टाळू.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ केला, कारण न करणं जमेना. मंडळात देऊन आले. घरी यांच्या हातावर ठेवला. त्यांनी माझ्या हातावर. 'गोड बोला' दोघांनीही म्हटलं नाही. बडीशेप खावी तसा खाल्ला.

मुग्धाशी फोनवर बोलले. विचारते, आजोबांना पनिशमेंट झाली का?

१६ जानेवारी, गुरुवार

वाचनालयात जायचं होतं. निघताना दोन्ही चाव्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. तिसरी असेलच, असा माझा अंदाज आहे. असू दे. त्यांनी चाव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घेऊन जात नाहीस?"

"नाही."

आज सुरुचीताई आल्या होत्या पुस्तकं बदलायला, खूप वेळ बोलत बसल्या. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. यामिनी म्हणाली, "आज निवांत दिसतेस. चारुदत्तरावांना बरं वाटतंय वाटतं?"

परत आले तेव्हा शटर वर होतं. गाडी जागेवर. चारुदत्त स्टिअरिंगसमोर बसले होते, हात मांडीवर. चावी गाडीत लावलेली होती, फिरवलेली नव्हती. इंजिनच्या झाकणाला मी हात लावून पाहिला, थंडगार.

"एवढी काय खात्री करून घेतेस?" ते म्हणाले. "कोरडं इंजिन कोण फिरवेल? मी काय वेडा आहे?"

नाही. वेडे नाहीत. मला सकाळीच खात्री होती. म्हणून तर घर टाकून गेले आणि पाच वाजेपर्यंत त्यांची आठवणही काढली नाही. माझ्या गळ्याची शपथ त्यांनी दर गुरुवारी एका लहान मुलीच्या तोंडून सोडवून घेतली, पण या इंजिनला खरचटू देणार नाहीत. मी त्यांना इतकं ओळखते, आणि माझं म्हणून जे मला वाटत होतं ते या लोखंडाचं होतं, हे ओळखायलाच एवढा वेळ लागला.

ते दार उघडून बाजूच्या सीटकडे बघून म्हणाले, "बस ना जरा."

मी म्हटलं, भात टाकायचाय, आणि वर आले.